मैदानाची किल्ली कुणाकडे?

सरकारने खेळासाठी काय केले, हा प्रश्न आपल्याकडे दर चार वर्षांनी निघतो. ऑलिंपिक आले, पदकांचा तक्ता छापून आला, की आठ-पंधरा दिवस त्यावर हिरिरीने बोलले जाते आणि मग विषय मागे पडतो. मी आज पदकांविषयी बोलणार नाही. ज्यांना दिवसाकाठी तासभर पळायचे आहे, कबड्डीचा एक डाव टाकायचा आहे, नातवंडाला झोपाळ्यावर बसवायचे आहे, अशी माणसे कुठल्याही गावात पदकविजेत्यांच्या हजारो पट असतात. त्यांच्या खेळासाठी सरकारी तिजोरी कधी उघडली आणि नेमकी कशासाठी उघडली, याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. नोकरीची सारी वर्षे मैदानावर गेली आणि जुने कागद वाचण्याचा नाद निवृत्तीनंतर लागला. या दोन्हींतून माझी एक समजूत झाली आहे. मैदान तीन गोष्टींनी उभे राहते : जागा, बांधकाम आणि माणूस. जागा म्हणजे जमिनीचा तुकडा. बांधकाम म्हणजे भिंत, पायऱ्या, छप्पर, दिवे. आणि माणूस म्हणजे जो सकाळी फाटक उघडतो, मातीवर पाणी मारतो, फक्कीने रेघा आखतो, पोरांना खेळ शिकवतो आणि भांडणे सोडवतो. आपल्या सरकारांनी, मग ती गोऱ्यांची असोत की आपली, जागा बऱ्यापैकी दिली, बांधकामाला अलीकडे हात सैल सोडला आणि माणसाच्या बाबतीत मात्र मूठ बहुधा झाकलेलीच ठेवली.

सुरुवात मुंबईपासून करू. आज ज्याला आपण आझाद मैदान म्हणतो, ते कोटाबाहेरच्या मोकळ्या एस्प्लनेडचा एक भाग. १८७५ मध्ये तिथे बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, तो फक्त युरोपियनांसाठी. उरलेल्या मोकळ्या भागात पारशी, हिंदू, मुसलमान पोरे क्रिकेट खेळत. जिमखान्याचे साहेब लोक याच भागात घोडे आणून पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू सरळ कसा येणार? शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी क्रिकेटपटूने पुढाकार घेतला आणि १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज गेला. पुण्यातले फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे गव्हर्नर. आधी निकाल क्रिकेट खेळणाऱ्यांच्या बाजूने लागला. पुढे जिमखान्याने दाद मागितल्यावर तो फिरला. अर्ज, उलट अर्ज, निकाल, फेरनिकाल असे ते प्रकरण चालत राहिले.

या भांडणात पैसा कुठेच नव्हता. प्रश्न जमिनीचा होता आणि सरकारने शोधलेला उपायही जमिनीचाच होता. समुद्र हटवून केनेडी सी फेसला नवी जमीन तयार झाली होती. तिथे १८८७ मध्ये पारशी जिमखान्याला जागा मिळाली. पुढे लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, म्हणजे १८९० ते १८९५ या काळात, मुसलमानांना आणि हिंदूंना त्यांच्या त्यांच्या जिमखान्यांसाठी शेजारी जागा दिली गेली. आज मरीन ड्राइव्हला जाताना ही मैदाने ओळीने दिसतात. सरकारने जमीन दिली, इमारतीचा आणि रोजच्या खर्चाचा भार त्या त्या समाजातल्या श्रीमंतांनी उचलला.

ही व्यवस्था त्या काळी सोयीची वाटली असेल, पण तिच्यात एक खोच होती. जागा सरकारने दिली आणि दार कुणासाठी उघडायचे हे मात्र समाजाने ठरवले. ज्याचा जिमखाना नाही, किंवा जिमखाना असूनही ज्याला तिथे मान नाही, त्याने काय करायचे? याचे उत्तर पाळवणकर बाळूच्या चरित्रात मिळते. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात मैदानावर कामाला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना चार रुपये. तासन् तास साहेबांना चेंडू टाकून तो त्या काळचा हिंदुस्थानातला सर्वांत चांगला फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यातल्या हिंदू संघाकडून खेळताना चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कप्तानपद त्याला मिळालेच नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाले.

बाळूची ही गोष्ट बहुतेक वेळा जातिभेदाची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मी तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहतो. तो मैदानावर नोकरीला होता म्हणून मैदानाला जिवंतपणा होता आणि मैदानाने त्याला घडवले. मैदानावर पगारी माणूस असला की काय होऊ शकते, याचा इतका ठसठशीत दाखला दुसरा नाही.

आता दुसऱ्या मुंबईकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींत माणसे पटापट गेली. तेव्हा सरकारच्या लक्षात आले की शहराला हवा लागते, उजेड लागतो. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूला आखीव वसाहती उभ्या करायच्या, हे त्याचे काम. दादर-माटुंग्याच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून चालताना आपण याच ट्रस्टच्या आखणीत चालत असतो. म्हणजे खेळाच्या मोकळ्या जागेसाठी सरकारी पैसा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाहेर पडला तो खेळाच्या प्रेमापोटी नव्हे, रोगाच्या धास्तीने. कारण काहीही असो, फायदा पोरांचा झाला.

या नव्या वस्तीत १९२५ मध्ये महापालिकेने एक मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. त्याचे नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. जिमखान्यांची मैदाने आणि हे मैदान यांतला फरक लक्षात घ्या. इथे जात विचारली जात नव्हती, सभासदत्वाची वर्गणी नव्हती. करदात्यांच्या पैशातून झालेले आणि कुणीही यावे असे हे मैदान. इथे क्रिकेटच्या जाळ्या लागल्या, मल्लखांब उभा राहिला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, म्हाताऱ्यांना बसायला कट्टा मिळाला. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर पिढ्या घडवल्या.

पण इथेही माझा तिसरा मुद्दा लागू पडतो. जागा महापालिकेची होती. शिकवणारी माणसे मात्र महापालिकेची नव्हती. आचरेकर सर बँकेत नोकरी करून शिकवत. मल्लखांब शिकवणारे कार्यकर्ते आपापल्या संस्थांचे. मैदानाचा प्राण या माणसांच्या सवडीवर आणि पदरमोडीवर चालला. शिवाजी पार्कचे भाग्य असे की आसपास शिकलेली, नोकरदार, सवड असलेली माणसे राहत होती. जिथे अशी वस्ती नव्हती, तिथे तेवढेच मोठे मैदानही नुसते रिकामे पडून राहिले. अलीकडच्या वर्षांत शिवाजी पार्कची तक्रार तुम्ही वाचली असेल, लाल मातीच्या धुळीची. माती टाकायला एकदाच खर्च येतो. तिच्यावर पाणी मारायला मात्र रोज माणूस लागतो.

माणसाला पैसे देणारे राज्यकर्ते आपल्याकडे झालेच नाहीत का? झाले. त्यासाठी कोल्हापूरला जावे लागेल. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते. रोममधले जुने क्रीडागृह त्यांनी पाहिले. परतल्यावर कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधायला त्यांनी घेतले आणि १९१२ मध्ये ते पुरे झाले. मधोमध आखाडा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. खासबागेचे कौतुक आपण सगळेच करतो. पण खासबाग बांधले म्हणून कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले, असे कुणी म्हणेल तर मी थांबवीन. महाराजांनी पेठापेठांतल्या तालमींना आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय लावली, पंजाबातले नामांकित मल्ल आणून ठेवले, वस्तादांना मान आणि मुशाहिरा दिला. मग भरवायला मैदान लागले म्हणून खासबाग बांधले. क्रम लक्षात ठेवा : आधी माणूस, मग दगड.

तालमीत ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना हौद्यातली माती ठाऊक असेल. ती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात आणि ती पुन्हा पुन्हा खोदून मऊ करावी लागते. चार दिवस हात लावला नाही की ती दगडासारखी होते. मैदान सांभाळणे म्हणजे काय, हे मला या मातीइतके दुसऱ्या कशानेच शिकवले नाही.

ब्रिटिश मुंबई इलाख्यातही एकदा हा विचार झाला. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. आमच्या पेशातल्या लोकांना कांदिवली हे नाव तीर्थासारखे. सरकारने इथे मैदान वाटले नाही, मैदानावर उभा राहणारा माणूस तयार केला आणि शाळांमधून त्याला नोकरी मिळू लागली. त्या आधीपासून हे काम लोकांनीच चालवले होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, वैद्य बंधूंनी काढलेले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. या संस्था वर्गणीवर, देणगीवर आणि कार्यकर्त्यांच्या घामावर उभ्या राहिल्या.

मग स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची कामे आणि राज्यांची कामे वेगळी केली आहेत. खेळ राज्यांच्या यादीत ३३ व्या क्रमांकावर आहे आणि तो एकटा नाही. नाट्यगृहे, सिनेमा, करमणूक यांच्या पंगतीला तो बसला आहे. शिक्षण आणि आरोग्य यांच्या शेजारी नव्हे. यातून पुढचे बरेच काही घडले. शिक्षण ही गरज ठरली, खेळ ही करमणूक ठरली. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही असाच भेद होता. रस्ते, गटारे ही बंधनकारक कर्तव्ये. बागा आणि क्रीडांगणे ही ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर करायची. आणि महापालिकेकडे पैसे उरल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का?

नव्वदच्या दशकात ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा, क्रीडांगणे या सोयी स्पष्ट नोंदल्या गेल्या. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. ते मी एकेक करून वाचले. शेती आहे, मासेमारी आहे, ग्रंथालये आहेत, जत्रा आणि बाजारही आहेत. क्रीडांगण नाही. ज्या गावांनी देशाला पैलवान आणि कबड्डीपटू दिले, त्या गावांच्या पंचायतीच्या विषयसूचीत खेळ हा शब्दच आला नाही.

त्याच सुमारास, १९९४ मध्ये, महाराष्ट्रात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्यासाठी पुण्याजवळ बालेवाडीचे भव्य संकुल उभे राहिले. बालेवाडीने आपल्या राज्यकर्त्यांना संकुल हा शब्द दिला. २००३ पासून राज्य सरकारने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुले बांधण्याची योजना घेतली. कल्पना चांगली होती. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या पोरालाही धावपट्टी मिळावी, यात वाईट काय? २०२२ मध्ये तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी, जिल्ह्याची आठवरून पंचवीस कोटी आणि विभागाची चोवीसवरून पन्नास कोटी झाली. ही रक्कम लहान नाही. त्यासाठी सरकारला दोष देण्याचे कारण नाही.

पण अशी संकुले मी फिरून पाहिली आहेत. एका तालुक्याच्या गावी, नाव सांगत नाही, भर दुपारी पोचलो. कोनशिला होती, कमान होती, आत बॅडमिंटनचा हॉल होता. फाटकाला कुलूप. किल्ली कुणाकडे, विचारले तर तीन जणांनी तीन नावे सांगितली. भिंतीला पडलेल्या भगदाडातून मुले आत-बाहेर करीत होती आणि गवत नसलेल्या कोपऱ्यात क्रिकेट खेळत होती. मुली एकही नव्हत्या. एका मुलीला कारण विचारले. ती म्हणाली, "आत कुणी मोठं माणूस नसतं. संडासला पाणी नाही. आई पाठवत नाही."

मंडळी, त्या मुलीने एका वाक्यात जे सांगितले ते मला कुठल्याच अहवालात सापडले नव्हते. मैदानावर जबाबदार माणूस नसेल तर दांडगी पोरे कशीही खेळतात. मागे राहतात त्या मुली, लहान मुले आणि म्हातारी माणसे. कोटी रुपये खर्चूनही निम्मे गाव फाटकाबाहेर राहते, आणि ज्यांना मैदानाची सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

केंद्र सरकारला हे कळले नव्हते असे नाही. २००८ मध्ये पंचायतींसाठी एक क्रीडा अभियान सुरू झाले. पायका या नावाने ते ओळखले गेले. त्यात ग्रामपंचायतीला मैदान तयार करण्यासाठी एक लाख रुपये मिळत. त्यातला खरा महत्त्वाचा भाग दुसराच होता. प्रत्येक मैदानावर एक क्रीडाश्री नेमायचा. गावातलाच तरुण, जो मैदान सांभाळेल आणि खेळ घेईल. माझ्या माहितीत गावपातळीवर सरकारने मैदानाच्या माणसाला नाव दिले ते हे पहिल्यांदा. नाव सुंदर दिले. मानधन दिले महिना पाचशे रुपये. मानधन या शब्दात आपल्याकडे मान पुढे असतो आणि धन मागे, इथे तर ते दिसेनासेच झाले. पाचशे रुपयांत रोज संध्याकाळी कोण येणार? २०१४ मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विरघळली, तिचा भर तालुक्याच्या संकुलांवर होता आणि २०१६ मध्ये ती खेलो इंडियात मिसळली. २०२० पासून जिल्ह्यांत छोटी खेलो इंडिया केंद्रे निघाली आणि तिथे माजी खेळाडूंना शिकवण्यासाठी दरवर्षी निधी देण्याची सोय झाली. ही गोष्ट चांगलीच आहे. फक्त त्या केंद्रांची नजर उद्याच्या विजेत्यावर आहे. नुसते खेळायला येणाऱ्याचा क्रीडाश्री अजून परत आलेला नाही.

माणूस नेमला नाही की मैदानाचे काय होते, ते मुंबईने दाखवले. सांभाळायला पैसे नाहीत म्हणून मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक द्यायच्या, असे धोरण महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केले. नागरिकांनी विरोध केला, मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. लोकांची भीती रास्त होती, कारण दत्तक दिलेल्या काही जागांवर पूर्वी क्लब उभे राहिले होते आणि सामान्य माणूस बाहेर राहिला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जिमखान्यांचीच ही पुनरावृत्ती. जो सांभाळतो तो दार ठरवतो. म्हणून दार सर्वांसाठी उघडे हवे असेल, तर सांभाळण्याचा खर्चही सर्वांच्या तिजोरीतून झाला पाहिजे.

यात अडचण काय, हे मला कळते. संकुलाचे उद्घाटन होते, फीत कापता येते, कोनशिलेवर नाव येते. माळ्याच्या पगाराचे उद्घाटन होत नाही. बांधकाम एकदाच मंजूर करायचे असते, पगार दरवर्षी द्यावा लागतो. म्हणून कुठल्याही पक्षाचे सरकार असले तरी दगडाकडे ओढा जास्त. तो बदलायचा तर मागणी करणाऱ्यांनी आपली मागणी बदलली पाहिजे. आपण आमदारांकडे जातो तेव्हा काय मागतो? कंपाउंड वॉल, पेव्हर ब्लॉक, छप्पर. आम्हाला माणूस द्या, असे म्हणत एखादे शिष्टमंडळ गेल्याचे मी अजून पाहिले नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. तुमच्या गावात किंवा वॉर्डात नवे मैदान, नवी व्यायामशाळा मंजूर झाल्याचे कळले, की ग्रामसभेत किंवा नगरसेवकांना तीन प्रश्न विचारा. फाटक किती वाजता उघडणार आणि किल्ली कुणाकडे? पाणी, दिवे, संडास यांचे वर्षाचे बिल कुठल्या खात्यातून? आणि मैदानावरच्या माणसाला महिन्याला किती देणार? उत्तरे कागदावर घ्या.

अकराव्या अनुसूचीत खेळ नाही, हे मी मघाशी सांगितले. त्या यादीतला शेवटचा, एकोणतिसावा विषय मात्र मुद्दाम राखून ठेवला होता. तो आहे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. म्हणजे गावाच्या मैदानावर वर्षभर खर्च करायला पंचायतीला कायद्याचा आधार आजही आहे. ग्रामसभेत जाताना तो आकडा लक्षात ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)